पास्काची कागदी फुलं

७ मार्च १९६२, बुधवार (राखेचा)

कपाळाला राख लावायला इथे फादर कुठले. ते तलासरीहून महिन्यातून एकदा डहाणू रोडला येतात, आणि गेल्याच रविवारी येऊन गेले. घरीच प्रार्थना म्हटली. बस्त्यावने चुलीतली राख बोटावर घेतली, आधी स्वतःच्या कपाळाला लावली, मग माझ्या. रेजिनाकडे गेला तर ती म्हणाली, "चुलीची राख चालत नाही. आई मागच्या वर्षीच्या, देवळातून आणलेल्या झावळ्या जाळायची."

"मग कुठे आहेत त्या? आपण जाळू," मी म्हटलं.

तिने पाठ फिरवली. लक्षात यायला मला वेळ लागला. मागच्या वर्षी या घरात झावळ्या आल्याच नव्हत्या. सिसिल, मुलांची आई, गेली ती उपवासकाळातच. बाळंतपणात. बाळही गेलं. यांनी लग्नाआधी मला एवढंच सांगितलं होतं, तेही वसई स्टेशनात गाडीची वाट बघताना, उभ्या उभ्या.

जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर लग्न झालं. म्हणजे दोन महिने झाले मला या रेल्वे क्वार्टरमध्ये. बस्त्याव पाच वर्षांचा, तो 'नवी आई' म्हणतो. रेजिना दहाची. ती मला काहीच म्हणत नाही. भूक लागली तर भिंतीला विचारते, "भात झाला का?" भिंतीच्या वतीने मी उत्तर देते.

११ मार्च, रवि.

सकाळी हंसा आली. शेजारच्या सविताबेनची मुलगी, रेजिनाच्याच वर्गात आहे. दाराच्या चौकटीला लोंबकळत म्हणते, "मावशी, रेजिना या वर्षी तुमच्या देवळात फुलं नेणार. सगळी एकटी करणार. मला हातसुद्धा लावू देत नाही."

असं आहे तर. सिसिल दर पास्काला, म्हणजे ईस्टरला, तलासरीच्या वेदीसाठी कागदाची पांढरी फुलं करून न्यायची. लिलीची. लग्नाआधी ती तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवायची, तेव्हापासून. खरी लिली या उन्हात कुठून आणायची.

जेवताना म्हटलं, "मी मदत करू का? आमच्या गावी आम्हीही करायचो कागदाची फुलं."

"नको. मला येतं."

हे ताटात बघून जेवत होते. दुपारच्या मालगाडीवर गार्डची ड्युटी. डबा घेतला, झेंडे घेतले, गेले.

१५ मार्च, गुरु.

बाजारातून पतंगाचा कागद आणला. संक्रांतीचा उरलेला. दुकानदार म्हणाला, "आता कसले पतंग, बेन? वारा तरी आहे का?" रेजिनासाठी पांढरा कागद वेगळा घेतला. तिच्या हातात दिला नाही, तिच्या दप्तरावर ठेवला. तिने घेतला.

कणकेची खळ शिजवली. झावळीचे हीर सोलून देठ केले. मग व्हरांड्यात दोन दुकानं मांडली गेली. एका कोपऱ्यात मी, बस्त्याव आणि हंसा, आमच्याकडे गुलाब आणि रंगीत साखळ्या. दुसऱ्या कोपऱ्यात रेजिना, आमच्याकडे पाठ करून. बस्त्यावने निम्मी खळ केसांना लावली. हंसाचा गुलाब कोबीसारखा झाला, ती स्वतःच खो खो हसत सुटली. पलीकडची मान एकदाच वळली, परत सरळ झाली.

संध्याकाळी झाडताना तिच्या कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचे चोळामोळा केलेले गोळे. उलगडून पाहिले. घडी घातलेला, कापलेला, मग फाडलेला कागद. प्रत्येकात घडी वेगळी. फूल एकही नाही.

मी उलगडलेले तिच्या नजरेला पडायच्या आत चुलीत घातले.

१७ मार्च, शनि.

आजही तेच. गोळे.

हे सकाळी ड्युटीवरून आले, चहा पीत होते. मुलं शाळेत. विचारलं, "सिसिल ती फुलं कशी करायची?"

या घरात ते नाव मी पहिल्यांदाच मोठ्याने घेतलं. यांनी कप खाली ठेवला.

"कशाला उकरून काढतेस? मी बाहेर असायचो. मला काय माहीत फुलांचं."

आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. म्हणजे डोळे मिटून पडले. झोपलेल्या माणसाचा श्वास मला ओळखता येतो आता.

राग आला. मग रागाचाच राग. मी आले ती भरल्या घरात आले असं सगळे म्हणतात. भरल्या घरात आपली चप्पल कुठे काढायची तेवढं कुणी सांगत नाही.

२२ मार्च, गुरु.

काल धुळवड. पाड्यावरच्या बायका पळसाची फुलं पाट्या भरभरून घेऊन आल्या होत्या. सविताबेनने रंग उकळला, उरलेली फुलं मला दिली. "लो लुसीबेन. पण तुम्हाला कशाला? तुमच्यात होळी नाही ना?"

"सुकवून ठेवते. पास्काला अंडी रंगवायची आहेत."

"अरे राम!" तिने पदर नाकाला लावला. तिच्या घरात कांदासुद्धा चोरून येतो. तिची सासू, जिला सगळे बा म्हणतात, ती अंड्याचं टरफल दिसलं तरी आंघोळ करते. "लुसीबेन, हंसाने अंड्याला हात लावला ना, तर बा मला जिवंत नाही सोडणार."

हंसा मागे उभी. डोळे भरलेले. एवढे दिवस साखळ्या करून झाल्या आणि खरी मजा आली तेव्हा तिलाच वगळलं.  तेवढ्यात रेजिना आतून म्हणाली, "मातीची करू. मातीच्या अंड्याला काय होतंय?"

भिंतीला नाही. आम्हाला म्हणाली.

सविताबेनने विचार केला. "मातीचं अंडं म्हणजे मातीच," ती म्हणाली. झालं.

२५ मार्च, रवि.

तळ्याकाठची चिकणमाती आणली. अंगणात चौघं मांडी घालून बसलो, तीन मुलं आणि मी. बस्त्यावने एक अंडं केलं ते नारळाएवढं. "हे कुणाचं?" "इंजिनाचं," तो म्हणाला. रेजिना हसली. तिच्या पुढच्या एका दाताचा तुकडा उडालेला आहे हे मला आज दिसलं. दोन महिने एका घरात राहून.

अंडी पाटावर वाळत घातली. हंसाने सहज विचारलं, "तुझी फुलं किती झाली गं?"

रेजिना उठून आत गेली.

थोड्या वेळाने मी गेले. ट्रंकेवर बसली होती, हात अजून मातीचेच. मी दारातच थांबले.

"मला येत नाही," ती म्हणाली. "मी दर वर्षी आईच्या बाजूला बसायचे. कापायची ती, घडी ती घालायची. मी नुसती खळ लावायचे. मला वाटलं, मला येतं."

मग हातावरची माती खरवडत म्हणाली, "मी विसरले."

चोरी सापडलेल्या माणसासारखं म्हणाली. मी जवळ जाऊन बसावं की नाही ते मला कळेना. बसले नाही. एवढंच म्हटलं, "तुझ्या आईने शाळेत मुलींना शिकवलं असेल. कुणाच्या तरी हातात असेलच. पुढच्या रविवारी तलासरीला जाऊ."

माझ्या तोंडून हे कुठून आलं कुणास ठाऊक. तिकडे मी एकाही माणसाला ओळखत नाही.

१ एप्रिल, रवि.

सकाळच्या एसटीने तलासरीला गेलो. मी, रेजिना, बस्त्याव. यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "जा." बस.

मिस्सा संपल्यावर सिस्टरना विचारलं. त्यांनी रेजिनाच्या हनुवटीला हात लावून चेहरा वर केला, "सिसिल टीचरची ना तू," म्हणाल्या आणि बोर्डिंगच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथे तेरेजा. वारली बाई, माझ्याहून लहान असेल. पूर्वी इथेच बोर्डिंगात शिकायची, आता इथे भाकऱ्या करते. कडेवर मूल.

"टीचरची पोर?" तिने मूल खाली ठेवलं, हात पुसले. "ये बाय, बस. फूल ना? मीच करते आता दर सालाला. टीचरनीच शिकवलं मला."

रेजिनाने कागद पुढे केला.  तेरेजाने कागद उभा दुमडला, आडवा दुमडला, कात्री फिरवली, हीर खोचला. फूल झालं. पाच पाकळ्यांचं, पसरट, छान.

रेजिना बघत राहिली. "आईचं असं नव्हतं."

"नव्हतं?"

"तिचं उभं असायचं. पेल्यासारखं. आणि पाकळ्या पाच नव्हत्या."

तेरेजा विचारात पडली. "हो गं. टीचर तीन करायच्या का सहा? मला नाय आठवत, बाय. पयल्यांदी त्यांच्यासारखंच करायची. मग हाताला लागलं तसं झालं. आता हात करतात तसं करते." मग अपराध्यासारखी म्हणाली, "मी पण विसरले बघ."

तिने चहा दिला. बस्त्याव तिच्या मुलाशी कोंबड्यांच्या मागे धावत होता.

मग कब्रस्तानात गेलो. मी पहिल्यांदाच. कुंपणाशी थांबले होते, रेजिनाने मागे वळून पाहिलं, म्हणून आत गेले. साधा लाकडी क्रूस. एकच नाव, बाळाचं वेगळं नाही. बस्त्यावने विचारलं, "बाळ पण इथेच?" रेजिना म्हणाली, "आईच्या कुशीत आहे." सवयीने म्हणाली, म्हणजे याआधीही त्याने पुष्कळदा विचारलं असणार.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून. बस्त्याव माझ्या मांडीवर झोपलेला. बाहेर बघतच म्हणाली, "मला कधी कधी तिचा आवाजपण आठवत नाही."

 मी तो आवाज ऐकलेलाच नाही. म्हटलं, "तेरेजाला तुझी आई आवडायची, ते दिसलं." उगीच काहीतरी. पण तिने मान हलवली.

४ एप्रिल, बुध.

आज लिहायलाच हवं.

सकाळी हे ड्युटीवर निघायच्या तयारीत. रेजिना पुढ्यात कागद घेऊन बसलेली, तेरेजाचं फूल समोर ठेवून. घडी घालायची, सोडायची.  हे बुटाची नाडी बांधता बांधता थांबले. मग खाली बसले, युनिफॉर्म घालून, जमिनीवर. कानामागची पेन्सिल काढली. पाकळीचं टोक पेन्सिलीवर गुंडाळलं, दाबलं, सोडलं. टोक बाहेर वळलं, खऱ्या फुलासारखं.

"हे ती माझ्या पेन्सिलीने करायची," हे म्हणाले. "ड्युटीला निघताना पेन्सिल कधी जागेवर नसायची. भांडण व्हायचं."

रेजिनाने वर पाहिलं. "आणि घडी?"

"घडी नाही पाहिली गं कधी. एवढंच."

 उठून गेले. पेन्सिल तिथेच राहिली. मी धावत फाटकापर्यंत नेली, तर घेतली नाही. "राहू दे तिच्याकडे," म्हणाले.

८ एप्रिल, रवि.

रेजिनाने स्वतःच एक घडी काढली. कागद तिरका दुमडायचा. पाकळ्या सहा येतात, फूल उभं राहतं. टोकं पेन्सिलीवर. मी देठ करून देते. आता दोन दुकानं नाहीत, एकच.

पहिलं नीट जमलेलं फूल तिने उजेडात धरलं. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं.

"हे आईचं नाही," म्हणाली. "पण चालेल."

मला वाटलं रडेल. रडली नाही. दुसरा कागद घेतला.

मला बरं वाटत नाही. सकाळी चहाचा वाससुद्धा नको होतो. मागचा महिना चुकला, हाही चुकला. मनात एक आहे. लिहीत नाही.

१५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

या वेळी फादर डहाणूला आले. झावळ्या आशीर्वादित करून दिल्या. घरी येऊन मुलांनी पात्यांचे क्रूस विणले. रेजिना भराभर विणते, ते ती विसरलेली नाही. हंसालाही एक हवा होता. सविताबेन म्हणाली, "ठेव बेटा, देवच आहे." तिच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या बाजूला ठेवलाय. बाला अजून दिसलेला नाही.

आता खात्रीच आहे म्हणायची. यांना सांगायचं आहे. कसं सांगायचं? दुसऱ्या कुठल्या घरात पेढे आणले असते.

२१ एप्रिल, शनि.

काल शुभ शुक्रवार, घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आज अंडी.

एका पातेल्यात पळसाची सुकी फुलं, दुसऱ्यात कांद्याच्या साली, तिसऱ्यात हळद. पळसाचा रंग असा आला की सविताबेनसुद्धा नाकाला पदर लावून का होईना, बघायला आली. हंसाने तिच्या मातीच्या अंड्यांना चुना लावून वर मोर काढलेत. बस्त्याव गावभर सांगतो, हंसाची अंडी फुटतच नाहीत. त्याने एक उकडलेलं लाल अंडं पलीकडच्या क्वार्टरमधल्या कोंबडीखाली ठेवलं, लाल पिल्लू येईल म्हणून. कोंबडीने लाथ मारून बाहेर काढलं.

कांद्याच्या साली उकळायला लागल्या आणि मला उमासा आला. मोरीकडे पळाले. सविताबेन मागोमाग. पाठीवर हात फिरवला, तोंडाकडे पाहिलं आणि हसली. "लुसीबेन! सारा समाचार छे? गोड बातमी?"

"हळू बोला," मी म्हटलं.

वळून पाहिलं तर रेजिना दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तांब्या माझ्या हातात दिला, गेली. ऐकलं का? ऐकलं असेल तर कळलं का? दहा वर्षांच्या मुलीला, या घरातल्या, कळणारच.

रात्रीच्या जेवणाआधी यांना सांगितलं.  बाहेर जाऊन रुळांकडे तोंड करून उभे राहिले. आत आले तेव्हा एवढंच, "या वेळी नीट बघायचं सगळं." हात हातात घेतला. हात गार होता, एप्रिलच्या उकाड्यात.

२२ एप्रिल, पास्काचा रविवार

यांनी ड्युटी बदलून घेतली. चौघंही तलासरीला गेलो. रेजिनाने फुलं मडक्यात उभी लावून मांडीवर घेतली होती, अख्खी वाट कुणाला टेकू दिलं नाही. आणि स्टँडवर उतरलो, तर एका बकरीने मागून येऊन दोन फुलं खाल्ली. बस्त्याव किंचाळला. रेजिना हसायला लागली, हसता हसता खालीच बसली. हे पण हसले. यांना असं हसताना मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

वेदीवर तेरेजाची पाच पाकळ्यांची फुलं आधीच होती. रेजिनाची मधोमध ठेवली. तेरेजा लांबून बघून म्हणाली, "हे टीचरचं नाय." रेजिना म्हणाली, "माझं आहे." भांडण नव्हतं त्यात.

खिडक्यांना आमच्या रंगीत साखळ्या. गुलाब बोर्डिंगच्या मुलींनी केसांत माळले, वेदीपर्यंत पोचलेच नाहीत. बस्त्यावने फादरना मिस्सानंतर केशरी अंडं दिलं आणि सांगितलं, "यातून काही निघत नाही."

मग कबर. हे कुंपणाशीच थांबले. रेजिनाने मडक्यातलं एक फूल काढून त्यांच्या हातात दिलं, हाताला धरून आत नेलं. यांनी ते मातीत खोचलं. नीट उभं राहीना, पुन्हा खोचलं. वाऱ्याने कागद फडफडत होता. मी बस्त्यावला घेऊन थोडी लांब उभी होते. माझी जागा तिथेच होती. वाईट वाटलं नाही. खरंच नाही.

पण परत येताना रेजिना माझ्या बाजूला बसली नाही. पुढे जाऊन बसली.

२९ एप्रिल, रवि.

आठवडाभर घरात पुन्हा पहिल्यासारखं. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, तरी ती दिवसभर हंसाकडे. जेवायला येते, अर्धं ताट तसंच टाकते. परवा भिंतीला विचारलं, "पाणी भरलं का?"

मला वाटलं होतं आम्ही एका व्हरांड्यात बसायला शिकलो. आता वाटतं, ते कागदापुरतंच होतं. येणारं मूल तिच्या आईच्या जागेवरचं, असं तिला वाटत असेल. वाटलं तर काय चुकलं.

हे म्हणतात, "होईल सवय." यांची स्वतःची झोप उडाली आहे. पूर्वी गाडी वेळेवर सुटली की मला ऐकायला यायची यांची शिट्टी. परवा वाजवायलाच विसरले म्हणे, ड्रायव्हरने मागे वळून हाक मारली.

३ मे, गुरु.

दुपारी बस्त्याव झोपला होता. रेजिना व्हरांड्यात हंसाचं एक मातीचं अंडं हातात घेऊन बसलेली. मी बाजूला बसले. म्हटलं, लपवण्यात अर्थ नाही.

"रेजिना, घरात बाळ येणार आहे. तुला माहीत आहे ना?"

मान हलवली.

"तुला राग आला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तो राग नव्हता. मी इतके दिवस चुकीचंच समजत होते. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"कधी?"

"नाताळच्या आधी."

"इथेच?" आवाज बारीक झाला. "घरी?"

तेव्हा मला कळलं ती काय विचारते आहे. आतल्या खोलीकडे तिने बघितलंसुद्धा नाही, पण तिचं सगळं अंग त्या दारापासून लांब सरकलं होतं. मागच्या वर्षी ती याच व्हरांड्यात बसली असेल. बस्त्यावला धरून. किती वेळ, कुणी सांगितलेलं नाही मला.

"नाही. दवाखान्यात," मी म्हटलं.

"आई पण म्हणाली होती जाईन. मग म्हणाली, अजून वेळ आहे."

तिने अंडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"तू वसईला जा. तुझ्या आईकडे. आधीच जा. खूप आधी."

"मग इथे तुमचं कोण करणार?"

"मला भात येतो. बस्त्याव माझं ऐकतो. पपांना मी सांगते." एका श्वासात म्हणाली, जणू इतके दिवस हेच जुळवत बसली होती.  अंडं दोन्ही हातांत घट्ट धरलं. "पण परत येशील ना?"

"येईन," मी म्हटलं.

 ही गोष्ट माझ्या हातातली नाही. मी बत्तीस वर्षांची, पहिलीच खेप, इथली मोठी डॉक्टरीण माझी नस बघून "हं" म्हणाली, त्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. हे तिला सांगितलं नाही. यांनाही नाही. इथे लिहून ठेवते.

ती उठली. नळाला पाणी आलं होतं. एक बादली घेऊन गेली. मी नेहमीप्रमाणे दुसरी उचलून मागे निघाले, तर नळावरून जोरात ओरडली, "ठेव ती खाली!"

सविताबेन दारात आली, काय झालं म्हणून. पलीकडच्या क्वार्टरमधल्या बाया बघायला लागल्या. आजवर या मुलीने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

मी बादली खाली ठेवली.